ब्रिगेडियर हरला, लाडू जिंकला : ब्राझीलच्या वाढदिवसाच्या ताटाचा इतिहास

आजचा भाग खाण्यावर आहे. रेसिपी शेवटी आहेत, तोवर जरा दम धरा. आधी इतिहास. नेहमीप्रमाणे हा भाग ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी सगळं इथे लिहून काढलंय. बोलताना जे इकडेतिकडे झालं ते थोडं सरळ केलंय, बाकी तसंच आहे.

कल्पना करा, ब्राझीलमधल्या कुठल्याही शहरात एका लहान मुलाचा वाढदिवस आहे. टेबलावर मधोमध केक. केकभोवती कागदाच्या छोट्या वाट्यांमध्ये लाडवासारखे गोळे मांडलेत. चॉकलेटचा तो ब्रिगादेरो. नारळाचा, वर एक लवंग टोचलेला, तो बेजिन्यो, म्हणजे 'छोटासा मुका'. शेंगदाण्याचा, काजूच्या फळासारखा आकार दिलेला, तो काजुझिन्यो. सुक्या आलुबुखाऱ्यात नारळाचं सारण भरलेला ओल्यो द सोग्रा, म्हणजे चक्क 'सासूचा डोळा'. दुसऱ्या बाजूला खारे पदार्थ : कोंबडीचं सारण भरलेली कोशिन्या, चीजचे छोटे पाव, लेबनॉन आणि सीरियातून आलेल्या कुटुंबांनी रुजवलेले किबे आणि एस्फिया. वाढदिवसाचं गाणं म्हणून होईपर्यंत गोडाला हात लावायचा नाही, हा नियम. मुलं तो कसा मोडतात हे मी सांगायला नको.

आता माझा मुद्दा. मी कोड लिहिणारा माणूस. आमच्याकडे 'गिट ब्लेम' नावाची कमांड असते. कुठलीही ओळ कुणी लिहिली, कधी लिहिली, ती लगेच दाखवते. खाण्याच्या पदार्थांना अशी कमांड नसते. त्यांना फक्त नाव असतं, आणि ते नाव बहुतेक वेळा ज्याने पदार्थ केला त्याचं नसतं. ब्राझीलचं हे ताट त्याचं फार चांगलं उदाहरण आहे. आज आपण प्रत्येक पदार्थाला एकच प्रश्न विचारूया : तुझ्यावर नाव कुणाचं आहे, आणि तुला केलं कुणी?

साखर : इकडून तिकडे

सुरुवात साखरेपासून करू, कारण तिच्याशिवाय हे ताटच नाही. पोर्तुगीज भाषेत साखरेला 'आसूकार' म्हणतात. हा शब्द अरबीतून आला, आणि मागे मागे गेलं की आपल्या 'शर्करा'पाशी पोचतो. ऊसही तसाच गेला. भारतातून इराण, अरबांबरोबर भूमध्य समुद्र, मग पंधराव्या शतकात पोर्तुगिजांचं मदेरा बेट, आणि तिथून अटलांटिक ओलांडून ब्राझील.

ब्राझीलमध्ये सुरुवातीच्या साखर घाण्यांपैकी एक उभा राहिला साओ व्हिसेंती या वसाहतीत. ती वसवली १५३२ मध्ये मार्तिम आफोन्सो द सौझा या माणसाने. हे नाव लक्षात ठेवा, कारण हाच माणूस १५३४ मध्ये भारतात आला आणि पुढे १५४२ ते १५४५ गोव्यात पोर्तुगिजांचा गव्हर्नर होता. म्हणजे ब्राझीलचा ऊस आणि गोव्याची सत्ता, दोन्ही ठिकाणी एकच माणूस. साम्राज्य एकच होतं, जहाजं तीच होती, त्यामुळे झाडंही इकडची तिकडे आणि तिकडची इकडे झाली.

काजू ईशान्य ब्राझीलचा. तिथल्या तुपी भाषेतला 'अकाजू', पोर्तुगिजांचा 'काजू', आणि कोकण-गोव्याचाही काजूच. नारळ मात्र उलटा गेला. अटलांटिकच्या किनाऱ्यावरचे नारळ हे हिंदी महासागरातल्या नारळांच्या वंशातले आहेत, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवलं. पोर्तुगिजांनी ते आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांवर नेले आणि तिथून ब्राझीलला. फणसही आपल्याकडचाच गेला. तिथे त्याला 'जाका' म्हणतात, मल्याळममधल्या 'चक्का'वरून. तेव्हा बेजिन्योमधला नारळ आपल्या बाजूचा, आणि आपल्या काजूकतलीतला काजू त्यांच्या बाजूचा. काजुझिन्योमध्ये गंमत म्हणजे काजू नसतोच, फक्त काजूच्या बोंडाचा आकार असतो. आत शेंगदाणे. तेही दक्षिण अमेरिकेचेच म्हणा.

इथपर्यंत गोष्ट छान वाटते. जगभर पदार्थ फिरले, सगळे एकमेकांकडून शिकले वगैरे. पण ऊस आपोआप साखर होत नाही. तो तोडावा लागतो, घाण्यात घालावा लागतो, रस रात्रंदिवस मोठ्या कढयांमध्ये आटवावा लागतो. ब्राझीलमध्ये हे काम आधी गुलाम केलेल्या मूळ रहिवाशांनी आणि मग आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांनी केलं. गुलामांच्या व्यापाराच्या साडेतीनशेच्या आसपास वर्षांत सुमारे ४८ लाख आफ्रिकन माणसं ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. अमेरिका खंडात दुसऱ्या कुठल्याही देशात इतकी नाहीत. आणि गुलामी कायद्याने संपली १३ मे १८८८ रोजी. अमेरिका खंडात सगळ्यात शेवटी.

अंडी बदलली नाहीत, बदाम बदलले

पोर्तुगालच्या मठांमध्ये जोगिणी अंड्याच्या पिवळ्या बलकाचे आणि साखरेचे गोड पदार्थ करत. त्यात बदाम असायचे. हे पदार्थ ब्राझीलला आले तेव्हा स्वयंपाकघरात हात होते आफ्रिकन बायकांचे आणि दारात होता नारळ. बदामाच्या जागी नारळ आला आणि 'किंदिम' तयार झाला : पिवळाधमक, वरून आरशासारखा चकचकीत, खाली खोबऱ्याचा थर. पाककृतीचा सांगाडा पोर्तुगीज, पण 'किंदिम' हा शब्द आफ्रिकेतल्या बांटू भाषांमधून आला असं मानलं जातं.

गोव्यात याच मालिकेतला दुसरा फाटा दिसतो. बेबिंकामध्येही पिवळे बलक, साखर आणि नारळाचं दूध. घरचं पीठ तेच, हात वेगळे.

आणखी एक शब्द घ्या : 'पे द मोलेक'. पदार्थ म्हणजे आपली शेंगदाण्याची चिक्की. अगदी तीच. 'रापादुरा' म्हणजे त्यांचा गूळ, त्यात शेंगदाणे. नावाचा शब्दशः अर्थ 'मोलेकचा पाय'. आणि 'मोलेक' हा अंगोलातल्या किंबुंदू भाषेतला शब्द, अर्थ मुलगा. ब्राझीलमध्ये तो काळ्या, गुलाम मुलांसाठी वापरला जायचा. आज जूनमध्ये संत जुआंवच्या जत्रेत सगळी मुलं ही चिक्की खातात. त्या नावातला मुलगा कोण होता, हा प्रश्न चिक्की खाताना कुणाला पडत नाही. आपल्यालाही पडला नसता.

टोपली डोक्यावर घेतलेल्या बायका

आता थोडं रस्त्यावर येऊ. साल्व्हादोर, रिओ अशा शहरांत गुलाम बायकांना मालक रस्त्यावर विकायला पाठवत. गोड पदार्थ, तळलेले पदार्थ, फळं. दिवसाला ठरलेली रक्कम मालकाला द्यायची, त्यावर काही उरलं तर आपलं. काही बायकांनी असे वर्षानुवर्षं पैसे साठवून स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं. स्वतःचंच, विकत! हे वाक्य बोलताना मी रेकॉर्डिंगमध्येही थांबलो होतो.

या विकणाऱ्या बायकांना 'कितांदेरा' म्हणत. 'कितांदा' हाही किंबुंदू शब्द, अर्थ बाजार. आज मिनास जेराइस राज्यात 'कितांदा' म्हटलं की घरी भाजलेली बिस्किटं, केक, चीजचे पाव, असं सगळं चहा-कॉफीबरोबरचं खाणं. बाजाराचा शब्द फराळाचा झाला.

यांच्यातल्या एकीचं नाव आपल्यापर्यंत आलंय. लुईझ गामा हे ब्राझीलचे मोठे गुलामीविरोधी वकील. १८३० मध्ये साल्व्हादोरला जन्म. दहा वर्षांचे असताना सख्ख्या बापाने गुलाम म्हणून विकलं. पुढे ते वाचायला शिकले, स्वतःचं स्वातंत्र्य मिळवलं आणि कोर्टात लढून पाचशेहून जास्त माणसांना मोकळं केलं. १८८० मध्ये एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या आईबद्दल सांगितलं : लुईझा माहिन, स्वतंत्र आफ्रिकन स्त्री, कितांदेरा, बंडात हात असल्याच्या संशयावरून पकडली गेलेली. तिच्याबद्दलची जवळपास सगळी माहिती मुलाच्या त्या पत्रातूनच येते. म्हणजे मुलगा लिहिता झाला म्हणून आईचं नाव राहिलं. ज्यांची मुलं लिहू शकली नाहीत त्यांचं काय झालं असेल, ते तुम्हीच बघा.

१९४५ : ब्रिगेडियर आणि डबेवाले

आता येतो आपला हिरो, ब्रिगादेरो. पोर्तुगीजमध्ये अर्थ सरळ आहे : ब्रिगेडियर.

जेतुलिओ व्हार्गास १९३० पासून सत्तेत होते, १९३७ पासून तर उघड हुकूमशहा. ऑक्टोबर १९४५ मध्ये लष्कराने त्यांना खाली उतरवलं आणि २ डिसेंबरला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. बायकांना मताचा हक्क १९३२ मध्ये मिळाला होता, पण राष्ट्राध्यक्ष थेट मतांनी निवडायची संधी त्यांना पहिल्यांदा मिळाली ती १९४५ मध्येच. एक उमेदवार होते हवाईदलाचे ब्रिगेडियर एदुआर्दो गोमेस. १९२२ च्या कोपाकबाना किल्ल्याच्या उठावातून जखमी होऊन वाचलेले, दिसायला देखणे आणि अविवाहित. प्रचारात हे दोन्ही गुण आवर्जून सांगितले जात.

गोष्ट अशी सांगतात की त्यांच्या समर्थक बायकांनी प्रचारासाठी, पैसे उभे करण्यासाठी एक नवा गोड गोळा करून विकला आणि त्याला नाव दिलं ब्रिगेडियरचं. रिओच्या एलोइझा नाबुको द ओलिव्हेरा यांचं नाव त्यासाठी घेतलं जातं. पण दक्षिणेकडच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यात याच गोळ्याला 'नेग्रिन्यो' म्हणतात, म्हणजे 'छोटा काळा'. त्यामुळे पदार्थ आधीपासून होता आणि निवडणुकीने फक्त नाव चिकटवलं, असंही म्हणायला जागा आहे.

काही असो, हा गोळा शक्य झाला एका डब्यामुळे. कंडेन्स्ड मिल्क. गेल बोर्डनने अमेरिकेत १८५६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. नेस्लेने ब्राझीलमधला पहिला कारखाना १९२१ मध्ये साओ पावलो राज्यातल्या आरारास इथे काढला. डब्यावर दूधवाल्या मुलीचं चित्र. गिऱ्हाईक 'मुलीवालं दूध द्या' म्हणायचे, म्हणून तिथे ब्रँडचं नावच झालं 'लेइते मोसा', मुलीचं दूध. ती मुलगी तुम्हालाही ओळखीची आहे. आपल्याकडे ती 'मिल्कमेड'च्या डब्यावर आहे. बदाम सोलणं, पाक करणं, बलक घोटणं, हे तासन्‌तासांचं काम एका डब्याने दहा मिनिटांवर आणलं. डब्यावर आणि पुस्तिकांमध्ये कंपनी पाककृती छापत राहिली आणि मुलांच्या वाढदिवसाचं ताट बदलून गेलं.

मग गोमेस जिंकले का? नाही. आणि इथे दुसरा डबा येतो. नोव्हेंबरमध्ये एका भाषणात ते म्हणाले की हुकूमशहाला पाठिंबा देणाऱ्या रिकामटेकड्या टोळक्याच्या मतांची मला गरज नाही. टोळक्यासाठी त्यांनी वापरलेला शब्द होता 'माल्ता'. विरोधी बाजूच्या उगो बोर्गी यांनी शब्दकोश काढला. त्यात त्या शब्दाचा एक अर्थ जेवणाचे डबे घेऊन कामावर जाणाऱ्या मजुरांचा जथा असाही होता. झालं! ब्रिगेडियरला डबेवाल्या कामगारांची मतं नकोत, असा प्रचार रेडिओवरून देशभर केला गेला. कामगारांचा 'मार्मिता', म्हणजे डबा, प्रचाराचं चिन्हच बनला. हे शब्दाला शब्द धरून केलेलं राजकारण होतं, पण लागलं ते नेमकं दुखऱ्या जागी. एकीकडे चांगल्या घरातल्या बायकांची मिठाई, दुसरीकडे मजुराचा डबा. एउरिको गास्पार दुत्रा सुमारे ५५ टक्के मतांनी जिंकले, गोमेस यांना साधारण ३५ टक्के. १९५० मध्ये गोमेस परत उभे राहिले आणि परत हरले, या वेळी खुद्द व्हार्गास यांच्याकडून.

ब्रिगेडियर आज बहुतेकांना आठवतो तो लाडवामुळेच.

राजकन्येची कोशिन्या

कोशिन्या म्हणजे 'छोटी तंगडी'. खाली गोल, वर निमुळती. तिचीही एक दंतकथा आहे. साओ पावलो राज्यातल्या लिमेरा जवळच्या मोर्रो आझुल नावाच्या मळ्यावर राजकन्या इझाबेलचा एक मुलगा राहायचा, त्याला कोंबडीची तंगडीच लागायची. एके दिवशी तंगड्या कमी पडल्या, तेव्हा स्वयंपाकिणीने उरलेलं मांस कुस्करून पिठाच्या पारीत भरलं आणि तंगडीचा आकार दिला.

गोष्ट गोड आहे, पुरावा काही नाही. जास्त पटणारं असं, की विसाव्या शतकात साओ पावलोत कारखाने वाढले, कामगारांना एका हातात धरून खाता येईल असं स्वस्त, पोटभरीचं काहीतरी हवं होतं, आणि थोड्या कोंबडीत जास्त पोटं भरायची युक्ती कामी आली.

पण दंतकथेकडे जरा नीट बघा. राजकन्येचं नाव आहे. मळ्याचं नाव आहे. गावाचं नाव आहे. स्वयंपाकीण मात्र 'स्वयंपाकीण'. आणि ही तीच इझाबेल, जिने १८८८ मध्ये गुलामी संपवणाऱ्या कायद्यावर सही केली. कायद्याचं श्रेयही तिलाच मिळालं. लुईझ गामा तो दिवस बघायच्या आधीच, १८८२ मध्ये गेले होते.

कायदा झाला तरी स्वयंपाकघर फार बदललं नाही. ब्राझीलमध्ये घरकाम करणाऱ्यांमध्ये आजही बहुसंख्य बायका आहेत आणि त्यातही काळ्या बायका जास्त. त्यांना इतर कामगारांच्या बरोबरीचे हक्क देणारी घटनादुरुस्ती झाली ती २०१३ मध्ये. १८८८ आणि २०१३ मध्ये किती अंतर आहे, गणित तुम्हीच करा. आपल्याकडे घरकाम करणाऱ्या मावशींच्या सुट्टीवरून सोसायटीच्या ग्रुपवर जे मेसेज पडतात ते आठवले तर हा विषय फार लांबचा वाटणार नाही.

आता स्वयंपाकघरात

वचन दिलं होतं, तर घ्या. हे तिन्ही मी पुण्यातल्या फ्लॅटमध्ये, एका शेगडीवर केलेले आहेत.

*ब्रिगादेरो* : कंडेन्स्ड मिल्कचा साधारण ४०० ग्रॅमचा डबा, एक मोठा चमचा लोणी, तीन-चार मोठे चमचे कोको पावडर. जाड बुडाच्या कढईत सगळं आधी थंडच एकजीव करा, मग मंद आचेवर सतत हलवा. दहा-बारा मिनिटांत मिश्रण कडेने सुटायला लागतं. चमचा फिरवल्यावर कढईचं बूड क्षणभर दिसलं की गॅस बंद. बर्फी करणाऱ्या घरांना ही खूण वेगळी सांगायला नको. पूर्ण गार करा, हाताला लोणी लावून वळा, चॉकलेटच्या शेवयांमध्ये घोळवा. कोको न घालता खोबऱ्याचा कीस घातला, वर लवंग टोचली की बेजिन्यो. लवंग खायची नाही, काढून ठेवायची.

*कोशिन्या* : दोन वाट्या चिकनचं पाणी, एक चमचा लोणी आणि मीठ उकळा. दोन वाट्या मैदा एकदम टाकून जोरात हलवा, गोळा होईपर्यंत. ही उकडच आहे, फक्त तांदळाच्या जागी मैदा. गरम असतानाच मळा. मोदकासारखी पारी करा, कांदा-लसणावर परतलेलं कुस्करलेलं चिकन भरा, तोंड वर ओढून मिटवा. कळ्या पाडायच्या नाहीत, एवढाच फरक. अंड्यात किंवा दुधात बुडवून पावाच्या चुऱ्यात घोळवा आणि तळा. शाकाहारी मंडळींनी कच्च्या फणसाची भाजी भरावी. ब्राझीलमध्येही 'जाका'ची कोशिन्या मिळते, तेव्हा हा काही आपला जुगाड नाही.

*पांव द केजू*, म्हणजे चीजचा पाव : हा 'पांव' आणि वडापावातला 'पाव' एकच शब्द. यात गहू नसतो. कसावा कंदाचं पीठ, म्हणजे टॅपिओका स्टार्च, गरम दूध-तेलात भिजवायचं, कोमट झालं की अंडं आणि भरपूर किसलेलं चीज, छोटे गोळे, ओव्हनमध्ये फुगेपर्यंत. कसावा हे अॅमेझॉनच्या बाजूला तिथल्या मूळ लोकांनी माणसाळवलेलं पीक. आणि आपला साबुदाणा? तोही याच कंदाचा, तामिळनाडूतल्या सेलम भागात तयार होणारा. एकादशीच्या खिचडीतला साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा, मिरची, चौघांचंही माहेर अमेरिका खंडात आहे. त्यांना माणसाळवणाऱ्या शेतकऱ्यांचीही नावं कुठे नाहीत.

एक नाव मात्र आहे

शेवट एका मिठाईवालीने करतो. मध्य ब्राझीलमधल्या गोयास गावात १८८९ मध्ये, म्हणजे गुलामी संपल्यानंतरच्याच वर्षी, एक मुलगी जन्मली. पुढे तिने कोरा कोरालिना हे नाव घेतलं. नवरा गेल्यावर पोट भरायला तिने बरंच काही केलं, आणि म्हातारपणी गावी परतल्यावर पाकवलेल्या फळांची मिठाई करून विकली. ती कविताही लिहायची. पहिलं पुस्तक आलं १९६५ मध्ये, तिच्या वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी. आज ती ब्राझीलच्या मोठ्या कवयित्रींमध्ये गणली जाते आणि नदीकाठचं तिचं घर संग्रहालय आहे. मिठाई करणाऱ्या बाईचं नाव टिकलं ते ती लिहीत होती म्हणून. लुईझा माहिनचं टिकलं ते तिचा मुलगा लिहीत होता म्हणून.

तेव्हा या आठवड्याचा गृहपाठ असा. ब्रिगादेरो करा, नक्की करा. पण त्याबरोबर तुमच्या घरातला एक पदार्थ निवडा, आजीचा असो, शेजारच्या काकूंचा असो, किंवा घरी कामाला येणाऱ्या मावशींनी शिकवलेला. तो नेमका कुणाकडून आला ते विचारा, आणि रेसिपीच्या वहीत वर त्यांचं पूर्ण नाव लिहून ठेवा. फक्त 'मावशींची भाजी' नको. पूर्ण नाव.

लिहिलंत की आम्हालाही कळवा, त्या बाईंची परवानगी घेऊन. भेटू पुढच्या भागात.